वाटणी पाण्याची, जबाबदारी कुणाची?

बीड जिल्ह्यातले पाणी मुख्यतः दोन वाटांनी बाहेर पडते. एक वाट मांजरेची. पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी जिल्ह्याच्या दक्षिण कडेने धाराशिव आणि लातूरकडे जाते. पुढे कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातून ती तेलंगणात शिरते आणि देगलूर-बिलोलीच्या शिवेवर पुन्हा महाराष्ट्राला येऊन मिळते. दुसरी वाट बिंदुसरेची. बीड शहर ओलांडून ती सिंदफणेला मिळते. सिंदफणा माजलगावचे धरण भरून मंजरथला गोदावरीत जाते. या दोन्ही वाटा अखेर मांजरा-गोदावरीच्या कंदकुर्ती येथील संगमावर एकत्र येतात. बीडमध्ये नदीत जे सोडले जाते, त्याचा हिशेब म्हणूनच जिल्ह्याच्या हद्दीवर संपत नाही.

या दोन्ही नद्या आजारी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते आणि त्यांत बिंदुसरा व मांजरा या दोघींचीही नावे होती. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना जो प्राणवायू खर्च होतो, त्यावरून हे पट्टे पाच गटांत विभागले गेले. आपल्या नद्या त्यातल्या सौम्य मानल्या जाणाऱ्या शेवटच्या दोन गटांत होत्या. हा दिलासा नव्हे, ही संधी आहे. दुखणे हाताबाहेर गेलेले नसताना उपचार कमी खर्चात होतो.

दुखण्याचे कारण समजायला अवघड नाही. बालाघाटातल्या या नद्या पावसाळ्यावर जगतात. पावसाळा सरला की वरचे पाणी बंधाऱ्यांत आणि धरणांत अडते, वाळूच्या उपशाने पात्राची पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते आणि पात्रात उरते ते गावांचे व शहरांचे सांडपाणी. घाण विरळ करायला स्वच्छ पाणीच नसते. त्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे नदी आटू लागते नेमक्या त्याच दिवसांत. कारखान्याच्या सांडपाण्यावर नीट प्रक्रिया झाली नाही, तर थोड्या घाणीनेही नदी मरते.

दुष्काळी जिल्ह्याने आधी पाणी मिळवावे, स्वच्छतेचे नंतर पाहावे, असे म्हणणारे अनेक आहेत. त्यांनी बीड शहराचेच उदाहरण पाहावे. शहराला माजलगाव धरणातून पाणी मिळते. शहराचे सांडपाणी बिंदुसरेतून सिंदफणेत आणि सिंदफणेतून त्याच धरणात जाते. जे सोडले ते शुद्धीकरणाचा खर्च करून पुन्हा प्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. पाण्याची टंचाई काय असते हे मांजरेच्या खोऱ्याला कुणी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, कारण लातूरची तहान भागवणारे, केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. अशा प्रदेशात नासलेले पाणी हे गमावलेलेच पाणी असते.

पाण्याची वाटणी सीमेपलीकडच्यांशी बोलून करणे आपल्याला जमलेले आहे. गोदावरी जलतंटा लवादाने १९८० मध्ये निवाडा दिला. मांजरेच्या निजामसागर धरणापर्यंतच्या खोऱ्यातून महाराष्ट्राने २२ टीएमसी आणि कर्नाटकाने १३.१ टीएमसी पाणी वापरावे, हैदराबादसाठी सिंगूर धरणातून ४ टीएमसी घ्यावे, इतका बारीक हिशेब त्यात आहे. मात्र हा हिशेब पाण्याच्या मापाचा झाला. खालच्या राज्याला जे पाणी मिळेल ते कसे असेल, हा प्रश्न वाटणीच्या बाहेरच राहिला.

या बाबतीत वरच्यांनी करावे आणि खालच्यांनी भोगावे, असा सरळ हिशेबही मांजरेच्या खोऱ्यात चालत नाही. हैदराबादजवळच्या पाटनचेरूतील औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे प्रचंड प्रमाण असल्याचे स्वीडनच्या संशोधकांनी २००७ मध्ये जगापुढे आणले. तिथला नक्कावागू ओढा मांजरेलाच मिळतो आणि त्याच्या खालच्या अंगाला नांदेड जिल्ह्यातली आपली गावे आहेत. महाराष्ट्र या नदीच्या उगमालाही आहे आणि शेवटालाही. म्हणून तेलंगणाकडे स्वच्छ पाणी मागायचे, तर बीड-लातूरमधून स्वच्छ पाणी सोडण्याची तयारी आपण दाखवली पाहिजे.

सहकार्याचा नमुनाही जवळच आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा खालच्या राज्याशी असलेला वाद सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाली काढला. दोन्ही राज्यांचे आणि केंद्रीय जल आयोगाचे प्रतिनिधी असलेली त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. बंधाऱ्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी राहतात. वर्षानुवर्षे भांडलेली राज्ये दारे उघडताना एकत्र उभी राहू शकतात, तर पाण्याचे नमुने घेतानाही राहू शकतात.

युरोपातल्या ऱ्हाइन नदीचा अनुभव हेच सांगतो. काठावरच्या देशांनी १९५० मध्ये संयुक्त आयोग स्थापला आणि एकत्र मोजमाप सुरू केले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली, विषारी पाणी नदीत गेले आणि मासे मोठ्या संख्येने मेले. पुढच्याच वर्षी या देशांनी कृती कार्यक्रम ठरवला. नाहीसा झालेला सामन मासा कालांतराने नदीत परतला. संकट आले तेव्हा एकत्र बसायला जागा आधीपासून होती, म्हणून हे घडले.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम १३ नुसार शेजारची राज्ये करार करून संयुक्त मंडळ स्थापू शकतात. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाने मांजरेसाठी ते स्थापावे. नदी जिथे जिथे राज्याची सीमा ओलांडते तिथे तिन्ही राज्यांनी मिळून पाणी तपासावे आणि निकाल लोकांसमोर ठेवावेत. सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया करून ते शेतीला द्यावे. बीड, केज, अंबाजोगाईसारख्या शहरांना याचा दुहेरी लाभ आहे. गळीत हंगामात कारखान्यांची तपासणी वाढवावी. मांजरेच्या एका तीरावर बीड आणि दुसऱ्या तीरावर धाराशिव आहे, तिथे दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींनी वाळू उपशाविरुद्ध एकच ठराव करावा. लातूरकरांनी २०१६ मध्ये लोकवर्गणी करून मांजरेच्या पात्रातला गाळ काढला, तेव्हा त्यांनी सरकारची वाट पाहिली नाही.

सुरुवात कुणी करायची, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नदी बीडमध्ये उगम पावते, म्हणून पहिले पाऊल बीडचे. येत्या गळीत हंगामाआधी जिल्हा प्रशासनाने बिंदुसरा आणि मांजरेत सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक ठिकाणाची यादी जाहीर करावी आणि लोकप्रतिनिधींनी संयुक्त मंडळाची मागणी विधिमंडळात मांडावी. खालच्या जिल्ह्यांना आणि राज्यांना जाब विचारण्याचा अधिकार बीडला त्यानंतरच मिळेल.