मैलापाणी, क्लोरीन व आपला भाजीपाला

शहराचें मैलापाणी शुद्ध करून शेतीस देण्याची पद्धत आतां आपल्या शिवारापर्यंत आली आहे. मुंढवा येथें उपसलेलें पुण्याचें पाणी जुन्या मुठा कालव्यानें हवेली व दौंड तालुक्यांकडे नेण्याची योजना हें जवळचें उदाहरण होय. अशा पाण्याविषयीं कोणी शंका काढल्यास "त्यांत क्लोरीन घातलें आहे" एवढ्या उत्तरावर पुष्कळांचें समाधान होतें. आमच्या मतें तें होऊं नये.

क्लोरीन ही शुद्धीकरणाची शेवटची पायरी होय. पाणी गढूळ असल्यास जंतु गाळाच्या कणांआड सुरक्षित राहतात. मैल्यांतील अमोनिया क्लोरीनशीं संयोग पावला म्हणजे क्लोरॅमाईन बनतें, व त्याची जंतुनाशक शक्ति मोकळ्या क्लोरीनहून पुष्कळच कमी असते. शिवाय क्लोरीन मिसळल्यावर पाणी सुमारें अर्धा तास टांकींत राहिलें पाहिजे. इतकें सर्व यथास्थित झालें, तरी जंतांचीं अंडीं क्लोरीननें मरत नाहींत. तीं पाणी निवळवून व गाळूनच काढावीं लागतात. ओल्या सरींत अनवाणी खुरपणाऱ्या आपल्याच माणसांस याची बाधा प्रथम होते.

क्लोरीन अधिक झालें तर तेंहि वाईट. लिटरास १ मिलिग्रॅमहून कमी क्लोरीन शिल्लक असल्यास पानांस सहसा इजा होत नाहीं. ५ मिलिग्रॅमहून जास्त असल्यास पिकाची मोठी हानि होते.

म्हणून हें पाणी नाकारावें, असें आमचें म्हणणें नाहीं. उन्हाळ्यांत तें मोलाचें आहे, व त्यांत नत्रहि असतें. परंतु त्याचा दाखला मागितलाच पाहिजे. कच्च्या खाण्याच्या पिकांस द्यावयाच्या पाण्यांत १०० मिलिलिटरमागें विष्ठाजन्य जंतु १००० हून अधिक नसावेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालीं सुचविलें होतें. २०१७ सालीं केंद्र सरकारनें शुद्धीकरण केंद्रांच्या पाण्यास याच आंकड्याची मर्यादा घातली. तेव्हां जंतूंची संख्या, गाळाचें प्रमाण व शिल्लक क्लोरीन हे तीन आंकडे दरमहा मराठींत कालव्याच्या मुखाशीं लावावेत, अशी मागणी प्रत्येक गांवच्या पाणीवापर संस्थेनें लेखी करावी.

तोंपर्यंत या पाण्यावर ऊस किंवा कपाशी घ्यावी. कोथिंबीर, मुळा, गाजर घेऊं नये. आपल्या भाजीनें घरोघर दुखणीं पसरलीं असा बोभाटा एकदां झाला, तर विहिरीच्या निर्मळ पाण्यावर पिकविलेली भाजीहि बाजारांत कोणी घेणार नाहीं, हें शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.