‘समाधानी’वर खूण करण्याआधी

सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी बाईला विचारतात, “सगळं ठीक होतं ना?” ती मान हलवते. फॉर्मवर ‘समाधानी’ची खूण होते. मी परिचारिका आहे, ही खूण मला रोज दिसते आणि तिच्यावर माझा विश्वास नाही.

कण्यातल्या इंजेक्शनने कमरेखालचं दुखणं थांबतं. ओढल्याचं, दाबल्याचं मात्र कळत राहतं. हे आधी सांगितलं की बाई घाबरत नाही. चिरा देण्याआधी गार स्पिरिटचा बोळा फिरवून बधिरता छातीपर्यंत चढली का, ते तिलाच विचारायचं असतं. ती शुद्धीवर असते. म्हणूनच ‘या लोकांना किती पोरं हवीत’ हेही तिला ऐकू येतं.

“दुखतंय” म्हटल्यावर कोणाचं खरं मानतात? केसपेपरवर आडनाव असतं, वस्ती असते. ‘ह्या बायका कणखर’ हे कौतुक नव्हे, भूल कमी पडली तरी चालेल असा तो निवाडा आहे.

२०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियन मोफत आहे, २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाची वागणूकही आली. पण ‘फुकट मिळतंय ना’ ऐकत आलेली बाई तक्रार कशी करेल?

तिला घरी गेल्यावर, वॉर्डाबाहेरच्या कुणीतरी विचारावं: बधिरता तपासली का? दुखतंय म्हणालात तेव्हा काय केलं? ‘अहो’ म्हणाले की ‘ए’? आणि उत्तरं जातवार मांडा. जननी सुरक्षा योजनेचे पैसे देताना महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातीची नोंद घेतोच की आपण.