खड्डा खणण्याआधी माती बघा

पावसाळा आला की कॉलेजात वृक्षारोपण ठरलेलं. खड्डा, रोप, ग्रुप फोटो. रोप कुठलं? नर्सरीतून येईल ते! माझा आक्षेप इथेच आहे.

झाडं माती बघून वस्ती करतात, हे कळायला तळोज्याहून फार लांब जायला नको. खाडीकाठच्या खारट चिखलात हवा नसते. तिथे तिवर तगतात, कारण त्यांची मुळं श्वास घ्यायला चिखलाबाहेर येतात. कर्नाळ्याच्या उतारावर साग, ऐन; उन्हाळ्यात पानं गाळून पाणी वाचवणारे. आणि ८०० मीटरवरच्या माथेरानला, जांभ्याच्या तांबड्या मातीत, अंजनी-जांभळाचं सदाहरित रान. एकाच तालुक्याच्या आसपास तीन वेगळी जगं.

साताऱ्याजवळचं कास तर भारीच. जांभ्यावर मातीचा जेमतेम थर, तोही नत्राला महाग. म्हणून तिथला दवबिंदू चिकट पानांवर किडे पकडतो आणि सीतेची आसवं बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव अडकवतात. हे पठार २०१२पासून जागतिक वारसा आहे. पण असेच बिननावाचे सडे आपल्याला ओसाड वाटतात आणि आपण तिथे रोपं घेऊन पोचतो. रोप जगलं तर त्याच्या सावलीत मूळची फुलं जातात, नाही जगलं तर आपली मेहनत.

यंदा रोपं वाटली की आधी विचारा, ही जमीन खारी आहे का, पाणी साचतं का, शेजारी आपोआप काय उगवलंय? बॉटनीवाल्यांनाही सोबत न्या. त्यांना तेवढाच भाव मिळेल!