वाग्नरचे सूर आणि वाग्नरचा हिशेब

'कला आणि कलावंत यांची गल्लत करू नका' असा उपदेश आपल्याकडचे स्वतःला रसिक म्हणवणारे लोक वरचेवर करीत असतात. एखाद्या थोर कलावंताच्या जातीय किंवा वांशिक द्वेषाबद्दल कोणी शब्द काढला की हे वाक्य तयारच असते. या उपदेशाची परीक्षाच घ्यायची तर जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर (१८१३-१८८३) याचे उदाहरण घ्यावे.

वाग्नरच्या संगीताचे मोठेपण नाकारण्यात अर्थ नाही. १८६५ साली म्युनिकमध्ये रंगमंचावर आलेल्या त्याच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्डे' या ऑपेराच्या सुरुवातीलाच एक स्वरमेळ येतो. तो आता विसावेल, मग विसावेल असे ऐकणाऱ्याला वाटत राहते, आणि तो विसावत नाही. ही तगमग काही तास चालते व अगदी शेवटी, इझोल्डेच्या मरणाबरोबर शांत होते. युरोपच्या संगीताची पुढची वाट या ऑपेराने बदलली. आम्ही हे संगीत ऐकतो, आणि ते सुंदर आहे असेच आमचे मत आहे.

पण माणूस कसा होता? १८५० साली त्याने 'संगीतातील ज्यूपणा' हा लेख लिहिला. ज्यू माणूस जन्मानेच खरी कला निर्माण करू शकत नाही, तो फक्त नक्कल करतो, हा त्या लेखाचा गाभा. मेयरबेअर या ज्यू संगीतकाराने वाग्नरला हलाखीच्या दिवसांत पैसा दिला, त्याचा ऑपेरा ड्रेस्डेनमध्ये लागावा म्हणून शब्द टाकला. त्याच्यावरच नाव न घेता या लेखात विष ओकले आहे! लेखावर सही होती टोपणनावाची, आणि त्या टोपणनावाचा अर्थ काय, तर 'मुक्त विचार'!

यावर रसिकांचा बचाव ठरलेला. म्हणे तो काळच तसा होता. हा बचाव टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे आमच्या वाचकांना विशेष कळेल. १८५६ साली याच वाग्नरने 'विजेते' नावाच्या ऑपेराचा आराखडा लिहिला. त्याची नायिका कोण? चांडाळकन्या प्रकृती! आनंदाला पाणी पाजणारी, त्याच्यावर प्रेम करणारी आणि शेवटी संघात प्रवेश मिळवणारी. हीच कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितली आहे. वाग्नरच्या आराखड्यात ब्राह्मण बुद्धाला जाब विचारतात आणि बुद्ध जातीच्या वृत्तीवर हल्ला चढवतो. (ती मागच्या जन्मी गर्विष्ठ ब्राह्मणकन्या होती म्हणून या जन्मी चांडाळ झाली, हा पूर्वजन्माचा भागही त्यात आहेच. तो आम्हाला मान्य होणे शक्य नाही.) हा ऑपेरा त्याने कधीच पूर्ण केला नाही. म्हणजे जन्मावरून माणूस हीन ठरवणे हा अन्याय आहे, हे या गृहस्थाला पक्के ठाऊक होते. तरीही १८६९ साली त्याने तो जुना लेख वाढवून, या वेळी स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. दूरच्या भारतातली चांडाळकन्या त्याला चालली, शेजारचा ज्यू चालला नाही. यात काळाचा काय दोष?

त्याच्या सिद्धांताची वासलात मात्र त्याच्याच नाट्यगृहात लागली. १८८२ साली बायरॉइटला त्याच्या शेवटच्या ऑपेराचा, 'पार्सिफाल'चा, पहिला प्रयोग झाला तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन केले हेर्मान लेव्ही यांनी. ते एका ज्यू धर्मगुरूचे चिरंजीव! त्यांनी बाप्तिस्मा घ्यावा अशी वाग्नरची फार इच्छा होती. लेव्हींनी तो घेतला नाही.

राहिला उपदेश. कला आणि कलावंत वेगळे कसे ठेवायचे हे आम्हाला कोणी शिकवू नये. गावाने ते पिढ्यान् पिढ्या केले आहे. लग्नात हलगी हवी, सनई हवी, पण वाजवणारा महार-मांग मांडवाबाहेर! सूर शुद्ध, माणूस विटाळाचा. तेव्हा ही फारकत कलावंताला हीन ठरवण्यासाठी होती. आता तीच फारकत वरच्या आसनावर बसलेल्याचा गुन्हा झाकण्यासाठी पुढे केली जाते. आमचे म्हणणे इतकेच, की संगीत ऐका, पण लेखही वाचा.

आणि जिथे जखम ओली आहे तिथे ऐकायचे की नाही हे जखमी माणूस ठरवील. १९८१ साली आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी तेल अवीवमध्ये 'ट्रिस्टान'चा शेवटचा भाग वाजवायला घेतला, तेव्हा हत्याकांडातून वाचलेल्या, सभागृहातल्याच एका कर्मचाऱ्याने मंचाजवळ येऊन अंगावरचे व्रण दाखवले. त्याला 'कला वेगळी, कलावंत वेगळा' असे कोण सांगणार? २००१ साली जेरुसलेममध्ये डॅनियल बॅरेनबॉइम या ज्यू संचालकाने ठरलेला कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांनाच विचारले. अर्धा तास वाद झाला. काही जण संतापून निघून गेले, पुष्कळ जण थांबले, आणि मग वाग्नर वाजला.

हिटलर १९२३ मध्ये ज्या वाग्नरच्या घरी पायधूळ झाडून गेला, त्याच बायरॉइटमध्ये २०१२ साली नाट्यगृहाजवळच्या बागेत, वाग्नरच्या पुतळ्याभोवती फलक उभे केले गेले. द्वेषापायी या रंगमंचावरून हाकलल्या गेलेल्या ज्यू कलावंतांची नावे आणि चेहरे त्यांवर आहेत. आत वाग्नरचे ऑपेरा चालूच आहेत.