बारा घरे आणि अकरा नकार



गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. डिंभे धरण भरत आले होते, भातलावणी उरकली होती आणि दवाखान्यात तापा-खोकल्याच्या रुग्णांची रीघ लागली होती. त्या गर्दीत आमच्या परिसरातील एक निवृत्त शिक्षिका आल्या. अर्धे गाव त्यांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही म्हणतो. रक्तदाब मोजला तर १७०/१००. गोळ्या चुकल्या नव्हत्या, आहारात मीठही वाढले नव्हते. दोन रात्री झोप मात्र लागली नव्हती.

“डॉक्टर, नातीला तिकडे कुणी घेत नाही म्हणे,” बाई म्हणाल्या. “फोनवर हमसून हमसून रडत होती. बारा घरांत जाऊन आली आणि दोन दिवसांत सहा घरांनी नको म्हटले. हे मुलगी दाखवायला नेतात तसे काही आहे का?”

नात अमेरिकेत जन्मलेली, नुकतीच तिथल्या एका विद्यापीठात दाखल झालेली. ‘घरे’ म्हणजे सोरॉरिटी, हे मला कळले. पण त्यापुढचे ज्ञान माझेही चित्रपटांपुरतेच होते. मी बाईंकडून दोन दिवसांची मुदत घेतली, वाचन केले, तिकडच्या परिचितांना विचारले. आपल्या अनेक वाचकांची मुले-नातवंडे परदेशी शिकतात, म्हणून जे समजले ते येथे मांडतो.

सोरॉरिटी म्हणजे विद्यार्थिनींचे भगिनीमंडळ. लॅटिन भाषेत ‘सोरॉर’ म्हणजे बहीण. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील विद्यापीठांची दारे मुलींना उघडू लागली, तेव्हा मुलग्यांच्या मंडळांत त्यांना स्थान नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःची मंडळे काढली. इंडियाना राज्यातील आजच्या डीपॉ विद्यापीठात १८७० साली स्थापन झालेले कॅप्पा अल्फा थीटा हे त्यांतील एक जुने मंडळ. नावे अशी ग्रीक अक्षरांची असतात. अनेक ठिकाणी सभासद मुली एकाच घरात राहतात, जेवतात, समाजकार्यासाठी निधी जमवतात, आणि ही ओळख पुढे नोकरी-व्यवसायातही उपयोगी पडते. अशा २६ मंडळांची एक शिखर संघटना आहे; तिची स्थापना १९०२ची.

या मंडळांत नव्या मुली घेण्याच्या पद्धतीला रिक्रूटमेंट म्हणतात. अनेक विद्यापीठांत ती शिकवणी सुरू होण्याच्या सुमारास ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, काही ठिकाणी जानेवारीत. इच्छुक मुलगी नाव नोंदवते आणि शुल्क भरते. पहिल्या फेरीत ती साधारणपणे सर्व घरांना भेट देते. प्रत्येक घरी काही मिनिटे गप्पा होतात आणि घंटा वाजली की पुढचे घर. रात्री दोन याद्या तयार होतात. आवडलेल्या घरांचा क्रम मुलगी लावते. कोणाला पुन्हा बोलवायचे हे घर ठरवते. संगणक दोन्ही याद्या जुळवतो आणि पुढच्या फेरीचे वेळापत्रक मुलीच्या हाती येते. अशा तीन-चार फेऱ्या होतात. कुठे मंडळाच्या समाजकार्याची माहिती देतात, कुठे सभासदांच्या सहजीवनाची. शेवटच्या फेरीत बहुधा दोनच घरे उरतात. त्यानंतर मुलगी अंतिम पसंती लिहून देते आणि घराकडून लेखी निमंत्रण येते. त्याला ‘बिड’ म्हणतात.

म्हणजे बाईंची उपमा अर्धी बरोबर होती. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाप्रमाणे येथेही थोड्या वेळात माणूस जोखले जाते, आणि त्यात कपडे, रूप, बोलण्याची ढब, जुनी ओळख यांचा प्रभाव पडतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की येथे मुलीच्या हातातही पेन्सिल असते. ती घरांना खाली-वर करू शकते, नावे गाळू शकते, मध्येच बाहेर पडू शकते. ही गोष्ट रडणाऱ्या मुलीच्या लक्षात राहत नाही. ती तिला आठवून देणे हे घरच्यांचे काम.

बाई पुन्हा आल्या तेव्हा केसपेपरच्या मागे मी त्यांना एक हिशेब मांडून दाखवला. समजा, १२ घरे आहेत आणि ६०० मुली. प्रत्येक घराला अखेर ५० मुली घ्यायच्या आहेत. बारा पन्नासे सहाशे, म्हणजे प्रत्येक मुलीला जागा आहे. तरीही प्रत्येक घराला ५५० मुलींना निरोप द्यावाच लागतो, आणि प्रत्येक मुलीची अकरा घरांशी फारकत होतेच. काही तिने सोडलेली, काही तिला सोडणारी. सगळे सुरळीत पार पडले तरी एवढे नकार होणारच. शिवाय कोणत्या फेरीत किती मुलींना पुढे बोलवायचे, याचे आकडे मागील वर्षांच्या अनुभवावरून घरांना ठरवून दिलेले असतात. ज्या घराला मागणी अधिक, त्याला पहिल्याच फेरीत अधिक मुलींना वगळावे लागते. सर्वांना हवेसे वाटणारे घर पहिल्याच दिवशी हातचे गेले, तर त्यात मुलीच्या गुणांपेक्षा या आकड्यांचा वाटा मोठा असू शकतो.

बाईंनी जन्मभर गणित शिकवले. त्यांनी गुणाकार तपासला, मान डोलावली आणि विचारले, “हे तिला कळले तर रडणे थांबेल का?”

थांबणार नाही. नाकारले जाण्याची वेदना हिशेबाने मिटत नाही. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. मेंदूचे चित्रण चालू असताना स्वयंसेवकांना संगणकावर तिघांत चेंडू फेकण्याचा खेळ दिला. काही वेळाने इतर दोघे आपसातच चेंडू फेकू लागले. वगळल्या गेलेल्या व्यक्तीच्या मेंदूत, शारीरिक वेदनेचा त्रास जाणवताना जो भाग सक्रिय होतो, तोच भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात, समोर माणसे नसून संगणकच खेळत आहे असे आधी सांगितले, तरीही वगळले गेल्याचे दुःख लोकांना झालेच. हुतूतूचे गडी निवडताना शेवटी उरलेल्या पोराचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

म्हणून ‘एवढ्यातेवढ्यावरून काय रडतेस’ असे म्हणू नये. दुखते आहे, हे मान्य करावे. हिशेब दुःख कमी करण्यासाठी नसतो. ‘माझ्यातच काही खोट आहे’ हा चुकीचा निष्कर्ष त्या दुःखातून निघू नये, यासाठी असतो. आणि असे बोलणे रात्री दोन वाजता करू नये. त्या आठवड्यात मुली दिवसभर उभ्या असतात, उन्हात चालतात, जेवण चुकवतात, कमी झोपतात. उपाशी आणि जागरणाने थकलेल्या शरीराला प्रत्येक नकार दुप्पट लागतो. आधी पाणी, जेवण आणि झोप, निर्णय सकाळी.

शेवटची सही करण्यापूर्वी मात्र काही गोष्टी मुलीने आणि पालकांनी मिळून पाहाव्यात. या २६ मंडळांत अंतिम पसंतीच्या कागदावर लिहिलेल्या घराकडून निमंत्रण आले आणि ते नाकारले, तर त्या विद्यापीठातील पुढील मुख्य निवडप्रक्रियेपर्यंत त्यांपैकी दुसऱ्या कोणत्याही मंडळात जाता येत नाही. म्हणून ज्या घरात जायचेच नाही, त्याचे नाव लिहू नये. पहिल्या वर्षीचा एकूण खर्च विचारावा: नव्या सभासदाचे शुल्क, दर सत्राची वर्गणी, जेवण, आणि घरात राहणे बंधनकारक असल्यास त्याचे भाडे. किती गुण टिकवावे लागतात आणि आठवड्याचे किती तास जातात, हेही विचारावे. प्रक्रियेत मदतीसाठी ज्येष्ठ विद्यार्थिनी नेमलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी त्या या काळापुरत्या स्वतःच्या मंडळापासून अलग राहतात, त्यामुळे प्रश्न त्यांना निःसंकोच विचारता येतात.

दार हे एकच नाही. जुन्या मंडळांपैकी अनेकांनी दीर्घकाळ कृष्णवर्णीय व ज्यू मुलींना प्रवेश दिला नव्हता. त्या काळात, १९०८ साली, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी अल्फा कॅप्पा अल्फा स्थापन केली. भारतीय वंशाच्या मुलींसाठी तर १९९८ या एकाच वर्षी तीन मंडळे निघाली: न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा ऱ्हो, ह्यूस्टनमध्ये डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनमध्ये कॅप्पा फाय गॅमा. यांची प्रवेशपद्धत वेगळी असते. शिवाय २६ मंडळांपैकी ज्यांच्या जागा उरतात, ती नंतरही मुली घेतात. आणि कोणत्याच मंडळात न जाता सुखाने शिकणाऱ्या मुली तर असंख्य आहेत.

आता वैद्य म्हणून सर्वांत महत्त्वाचे. निवडीच्या कार्यक्रमांत मद्य देण्यास या मंडळांच्या नियमांनी बंदी आहे, आणि अमेरिकेत मद्यपानाचे कायदेशीर वय २१ आहे. खरा धोका प्रवेशानंतर, ‘आमच्यात यायचे तर हे करून दाखव’ या बोलीत असतो. तिकडे त्याला हेझिंग म्हणतात, आपल्याकडे रॅगिंग. २०१७ साली पेनसिल्व्हेनियात मुलग्यांच्या एका मंडळात प्रवेशाच्या रात्री भरमसाट मद्य पाजलेला १९ वर्षांचा विद्यार्थी जिन्यावरून पडला. मदत बोलावली गेली ती सुमारे बारा तासांनी. तो वाचला नाही. मद्याने बेशुद्ध झालेल्या माणसाला ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणून सोडू नये. त्याला कुशीवर वळवावे, एकटे ठेवू नये आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी; तिकडे ९११, आपल्याकडे १०८. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यानुसार विद्यापीठांना अशा प्रकारांची माहिती जाहीर करावी लागते. सही करण्यापूर्वी ती जरूर वाचावी.

हे सारे डिंभ्यात बसून कशाला लिहायचे, असे कुणी विचारील. दर पावसाळ्यात आपल्या खोऱ्यातील मुली घोडेगाव, मंचर, पुणे येथे शिकायला जातात. वसतिगृहातील खोलीत त्याही पहिल्यांदा अनोळखी मुलींत उभ्या राहतात. कुणाच्या ताटाशेजारी बसायचे, कोणत्या घोळक्यात आपल्याला घेतील, आपल्या बोलीला कुणी हसेल का, ही धाकधूक तीच असते. तिथे फक्त यादी लेखी नसते. आपल्या राज्यात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते. मुलीच्या सामानात पांघरुणाबरोबर हा क्रमांकही द्यावा. उदासी, झोप न लागणे, जेवण तुटणे दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा मात्र एकदा जरी ऐकू आली, तरी त्याच दिवशी मदत घ्यावी. आपल्याकडे टेलिमानस १४४१६, अमेरिकेत ९८८.

बाईंच्या नातीकडे अखेर दोन घरे उरली होती. वडील म्हणत होते, सोडून दे. आई म्हणत होती, एवढे केलेस तर सही कर. बाईंनी तिला एवढेच सांगितले, की जेव, झोप आणि सकाळी खर्चाचा कागद माग. कागद पाहून तिने एक घर गाळले. दुसऱ्या घरच्या मुलींशी बोलताना आपण सारखे घड्याळ पाहत होतो, हे तिला आठवले आणि तिने अंतिम पसंती लिहिलीच नाही. पुढच्या तपासणीला बाईंचा रक्तदाब १३६/८४ होता.

“अकरा घरांशी फारकत व्हायचीच होती, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “बारावे तिनेच सोडले. पण आठवडाभर रडली हो पोर. आता मी दर रविवारी तिला फोन करते.”

तो रविवारचा फोन बंद करू नका, असे मी त्यांना सांगितले. गोळ्यांचे प्रमाण तेच ठेवले आहे.