गुंगी म्हणजे विश्रांती नव्हे

नाशिक रोडच्या नवीन बिटको रुग्णालयात २०२० आणि २०२१ साली कोरोनाचे रुग्ण ठेवले गेले, तेव्हा ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द या भागात घरोघर पोहोचला. त्याच्या जोडीचा ‘सेडेशन’ मात्र अजून पोहोचलेला नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराशी, मग ते कुठल्याही रुग्णालयाचे असो, नातेवाइकांना एवढेच सांगतात की पेशंटला झोपेच्या औषधावर ठेवले आहे. ऐकणाऱ्याला बरे वाटते. आपला माणूस निवांत पडला आहे, असा समज होतो.

घशात नळी असताना गुंगी लागते, हे खरेच. प्रश्न सुरू होतो दिवस उलटू लागल्यावर. मूत्रपिंडे थकलेली असतील तर मिडाझोलाम शरीरात साचते. औषध थांबवूनही रुग्ण डोळे उघडत नाही आणि घरचे आशा सोडतात. दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल मोठ्या मात्रेत दोन दिवसांहून अधिक चालले, तर क्वचित जिवावरचा प्रसंग ओढवतो. रक्तातले आम्ल वाढते, स्नायू झिजून लघवी कोऱ्या चहासारखी होते, पोटॅशियम चढते, नाडी मंदावते. ब्रिटनमधील पाच बालकांचे असे मृत्यू १९९२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नोंदवले. खरी मेख पुढेच आहे. यातले जवळपास प्रत्येक लक्षण मूळ आजाराच्या माथी मारता येते. जंतुसंसर्ग बळावला असे म्हणून औषध चालूच राहते.

शिवाय गुंगीतला रुग्ण तक्रार करीत नाही. पाठीची जखम, पोटरीतली गुठळी, एखादे वेळी अर्धांगाचा झटकासुद्धा झाकला जातो. जाग आल्यावर कुणी भ्रमात ओरडतो, कुणी भिंतीकडे पाहत गप्प पडतो. या गप्प रुग्णाच्या कागदावर ‘शांत’ असा शेरा पडतो!

उपाय तसा बिनखर्चाचा. प्रकृती झेपत असेल तर रोज एकदा औषध थांबवून रुग्णाला जागे करून पाहायचे. शिकागोच्या डॉक्टरांनी २००० साली १२८ रुग्णांवर हे पडताळले. व्हेंटिलेटरचा काळ सुमारे सात दिवसांवरून पाचावर आला. पण अर्धवट जागा झालेला माणूस नळी ओढतो. त्याच्या उशाशी कुणीतरी उभे राहावे लागते आणि रात्रपाळीला एका परिचारिकेकडे चार-पाच खाटा असल्या, तर औषधाचा वेग वाढवणे सोपे पडते. मात्रा आजारापेक्षा मनुष्यबळावर ठरू लागते, हे डॉक्टरमंडळींना रुचणार नाही. तरी ते बोलायला हवे.

आज औषध थांबवून पाहिले का, हाक मारल्यावर डोळे उघडले का, लघवीचा रंग कसा आहे, हे तीन प्रश्न दाराशी उभ्या माणसाने रोज विचारावेत. त्यासाठी वैद्यकीची पदवी लागत नाही.