ऑटम नव्हे, आमची पानगळ!

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. माझी रूममेट हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. तिच्या फ्लोअरवर डेस्क सजवायची स्पर्धा होती, थीम होती 'ऑटम'. मॅडमनी लगेच ऑनलाइन मेपलच्या पानांची माळ मागवली. लाल, केशरी, पिवळी... आणि शंभर टक्के पॉलिस्टर! मी म्हटलं, "अगं, खिडकीबाहेर बघ. एक तरी लाल पान दिसतंय का?" बाहेर ऑक्टोबर हीट, घामाच्या धारा आणि पावसाळा पिऊन हिरवीगार झालेली झाडं. ती म्हणाली, "असू दे गं, थीम आहे!"

तिला कशाला नावं ठेवू? आपल्या पिढीचा ऑटमशी परिचयच मुळी कॉम्प्युटरवर झाला. विंडोज एक्सपीमध्ये 'ऑटम' नावाचा एक वॉलपेपर होता, आठवतोय? लाल-पिवळ्या पानांनी भरलेला रस्ता. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तो बघून मला वाटायचं, आपल्याकडे साला असं काही नसतंच.

असतं की राव! फक्त तारीख वेगळी असते. थंड देशांत दिवस लहान होतात, गारठा वाढतो आणि झाडं पानं टाकतात. आपल्याकडे प्रश्न थंडीचा नसतो, पाण्याचा असतो. पावसाळा संपून चार महिने झाले की जमिनीतली ओल कमी होते. पानांतून सतत पाणी उडत असतं, म्हणून झाड हिशेब करतं आणि पानं कमी करतं. थोडक्यात, कॉस्ट कटिंग! म्हणून आपली पानगळ शरदात नाही, शिशिरात. म्हणजे साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत.

रंगाचा फंडाही सोपा आहे. पानातलं हिरवं द्रव्य झाड मोडून परत घेतं, तेव्हा आधीपासून खाली दडलेला पिवळा रंग दिसायला लागतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत जाता जाता नव्यानं तयार होतो. निरोपाच्या पार्टीला नवा ड्रेस घालावा तसा.

तर या फेब्रुवारीत मी रूममेटला म्हटलं, "चल, तुला खरा ऑटम दाखवते. मुक्काम माझ्या आजीकडे." शनिवारी सकाळी एसटी पकडली. शिरूर ओलांडलं की नगर जिल्हा लागतो. 2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर, आजीच्या तोंडी अजून नगरच. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव तसं कोरडं, वॉलपेपरवर यावं असं अजिबात नाही. पण शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे आणि त्याच्याखाली त्या दिवशी जो सडा पडला होता ना... तळहाताएवढी पानं, एक शेंदरी, एक किरमिजी, एक अर्धं पिवळं अर्धं लाल. रूममेट पाच मिनिटं काहीच बोलली नाही. तिच्यासाठी हा रेकॉर्डच.

आम्ही दोन पिशव्या भरून पानं आणली. ओट्यावर बसलेली आजी बघतच राहिली. "काय गं, शेरडं घेतली का काय? पाला कशाला गोळा केला?"

आता तुम्हीही विचाराल, कशाला? तर दोस्तांनो, घ्या वही-पेन.

पहिला प्रकार: बदामाच्या पानांचं तोरण. नुकती पडलेली, लवचिक पानं निवडा. पुसून घ्या, वर्तमानपत्रात एकेक वेगळं ठेवा, वर जाडजूड पुस्तकं. पहिले चार दिवस कागद रोज बदला. हे महत्त्वाचं आहे, कारण ओल राहिली की पान काळं पडतं. आठवड्याभरात तयार. मग देठाशी दोरा बांधून दारावर किंवा डेस्कवर लावा. ऊन लागेल तिथे नको, रंग उडतो. पान कडक व्हायला नको असेल, तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी यात चार-पाच दिवस बुडवून ठेवा. रंग जरा गडद होतो, पण पान चामड्यासारखं मऊ राहतं.

दुसरा प्रकार: जाळीचं पिंपळपान. यात आपल्या सगळ्यांची एक फसवणूक झालेली आहे. शाळेत असताना पिंपळाचं पान पुस्तकात ठेवलं होतं ना? आणि 'एक दिवस त्याची जाळी होईल' म्हणून वर्षभर वाट बघितली होती? मीही बघितली. जाळी झाली नाही, नुसतं तपकिरी पान निघालं. कारण सोपं आहे. पुस्तकात पान वाळतं, कुजत नाही. आणि जाळी व्हायची तर कुजावंच लागतं! शिरा चिवट असतात, त्या टिकतात. मधला मऊ भाग जिवाणू खाऊन टाकतात. म्हणून पानं पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे ठेवा, अधूनमधून पाणी बदला. वास येईल, घरच्यांशी संबंध बिघडतील, पण धीर धरा. मग नळाच्या बारीक धारेखाली जुन्या मऊ टूथब्रशनं हलकेच घासा. गर निघून जातो आणि हातात उरते निव्वळ जाळी. टिपकागदात दाबून वाळवा.

इतका पेशन्स नसेल (मला नव्हता), तर लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पानं मंद आचेवर तास-दोन तास उकळा. भांडं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्या भांड्यात परत स्वयंपाक करू नका.

एक नियम मात्र पक्का. झाडानं स्वतः टाकलेलं पानच उचलायचं. दसऱ्याला आपण आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडतो, आपटा कमी पडला की कांचनाची पानं 'आपटा' म्हणून विकली जातात आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं सोनं रस्त्यावर पडलेलं असतं. तसं नको. आणि अकोल्याकडे भंडारदऱ्याला ट्रेकला जाणाऱ्यांनो, तिथला बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलून आणायला कायद्यानं मनाई आहे. तिथे फोटो काढा. पानं सोसायटीतल्या झाडाखाली भरपूर मिळतात, सफाईवाले मामा ती पेटवून द्यायच्या आत जा म्हणजे झालं.

आता तिसरा प्रकार. हा मी शिकवू शकत नाही, कारण मला तो धड येत नाही.

आम्ही पानं पसरून बसलो होतो तर आजी उठली, परसातल्या वडाखालून पिकली पानं घेऊन आली. लिंबाखालून गळलेल्या पानांच्या मधल्या काड्या वेचल्या. पानांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "कोरड्या पानाला हात लावला का ते तडकतं. आधी पाणी पाज, मग ते तुझं ऐकतं." मधे एक मोठं पान ठेवलं, भोवती बाकीची एकावर एक सरकवत गेली, दर ठिकाणी काडी टोचायची, बाहेर काढायची, मोडायची. टक, टक, टक. दोन मिनिटांत पत्रावळ तयार. आम्ही दोघी तोंड उघडं टाकून बघत होतो.

"आजी, हे कधी शिकलीस गं?"

"शिकती कशाची? पोट शिकवतं."

मग तिनं सांगितलं. लग्न होऊन आली आणि मागोमाग 1972 चा दुष्काळ आला. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची. पुढची कितीतरी वर्षं सुगी सरली आणि लगीनसराई सुरू झाली की रात्री कंदिलापाशी बसून पत्रावळी लावायच्या. पैसे शेकड्यावर. शंभर झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. माझ्या बाबांची शाळेची पहिली पुस्तकं त्या पैशातून आली. तिच्या अंगठ्याला एक घट्टा आहे. लहानपणी तो हाताला लागायचा, तेव्हा मला वाटायचं आज्यांना असतोच तो! तो काडीचा आहे हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

पुढे गावात कागदाच्या आणि थर्माकोलच्या ताटल्या आल्या आणि तिचं काम बंद झालं. 2018 मध्ये राज्यानं थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली, 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आली. पत्रावळी परत आल्या, पण मशीनवर दाबलेल्या. आजीला कोणी विचारायला आलं नाही.

रविवारी दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून अकरा पत्रावळी लावल्या. एकेकीला वीस-वीस मिनिटं! आजीनं त्यातल्याच दोन घेऊन आम्हाला वाढलं. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. पिठलं माझ्या पत्रावळीतून थेट जमिनीवर. मी ओशाळले. आजी म्हणाली, "गळू दे. माझीबी पयली गळली होती."

पुण्याला परतल्यावर रूममेटनं डेस्कवर बदामाचं तोरण लावलं, मधोमध आजीची पत्रावळ. फ्लोअरवर जाम चर्चा. दोन दिवसांत तिच्या ऑफिसमधून निरोप आला, "आजींचं वर्कशॉप ठेवू या ना! बजेट नाहीये, पण त्यांना छान एक्स्पोजर मिळेल."

एक्स्पोजर! फ्रीलान्सर मंडळींनो, हा शब्द आपल्या किती ओळखीचा आहे, नाही? लेख छापून आला की पोटात भूक आणि मनात एक्स्पोजर. मी स्वतः हा शब्द ऐकून चार वर्षांत कितीतरी लेख फुकट लिहिलेत, एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. तरी फोनवर आजीला विचारलं. म्हटलं, तिला गंमत वाटेल, पुणं बघेल.

"एक्स्पोजर म्हंजे शेकड्याला किती?" तिनं विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"मंग न्हाई जमायचं," ती शांतपणे म्हणाली. "तुमी आवड म्हणून करता, करा. मी काम केलंय ते. कामाचं मोल असतं पोरी."

रूममेटनं तो निरोप जसाच्या तसा ऑफिसला कळवला. दोन आठवडे शांतता. मग उत्तर आलं: जाण्या-येण्याची गाडी आणि मानधन. आजीनं आकडा ऐकला, थोडा वाढवून मागितला आणि मिळवला. पंच्याहत्तरीची बाई माझ्यापेक्षा चांगली निगोशिएट करते!

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ती येतेय. मला बजावलंय, "पानं तूच वेच, खाली पडलेलीच. आन पिंपळाची जाळी बघायला ठिव, ती मला येत न्हाई."

आणि हो, त्याच आठवड्यात मलाही एका ठिकाणाहून फोन आला, "पेमेंट नाही, पण एक्स्पोजर..." मी विचारलं, "शेकड्याला किती?"